१२ व्होल्टचा छोटा पंप, बॅटरी आणि स्विच: फ्यूज सगळ्यात शेवटी

मे महिन्यात शेजारचे काका नायलॉनच्या पिशवीत पंप घालून आले. "जळाला रे. पंधरा दिवस नाही झाले आणून." मी तो टेबलावरच्या बॅटरीला थेट लावला. खडखडून सुरू झाला. म्हटलं, "काका, पंप ठणठणीत आहे. चला, तुमची वायर बघू." बॅटरी जिन्याखाली, ड्रम गच्चीवर आणि मध्ये बारा मीटर स्पीकरची वायर. पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट होते आणि पंपाच्या टोकांवर नऊसुद्धा नव्हते. उरलेले साडेतीन व्होल्ट ती बारीक वायर तापवण्यात जात होते.

असे 'जळालेले' पंप माझ्याकडे सारखे येतात. बहुतेक वेळा पंप चांगला असतो. दोष वायरीत, जोडात किंवा स्विचच्या पिना ओळखण्यात निघतो आणि त्याच्या मुळाशी काम उलट्या क्रमाने केलेलं असतं. लोक आधी बॅटरी जोडतात, मग पंप, मग 'आता मध्ये स्विच टाकू' म्हणून जिवंत वायर कापतात आणि फ्यूज राहूनच जातो.

हा लेख पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपात असतो तसल्या १२ व्होल्टच्या डायफ्रॅम पंपासाठी (आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा पंप) आहे. कृषी सेवा केंद्रात तो सुटा मिळतो. त्याला १२ व्होल्ट ७ अँपियर-अवरची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी लावून ड्रममधलं पाणी कुंड्यांना किंवा परसबागेला द्यायचं, एवढंच काम. शाळेच्या प्रोजेक्टमधल्या बोटभर पंपाबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे.

सावधान: जुन्या फवारणी पंपातला पंप काढून वापरणार असाल, तर त्यातून औषध गेलेलं आहे हे विसरू नका. कितीही धुतला तरी तो पिण्याच्या पाण्याला, जनावरांच्या हौदाला किंवा भाजीपाल्याला लावू नका.

## टप्पा १: पंपावरचं लेबल वाचा

बाजारात जाण्याआधी पंपावरचे दोन आकडे कागदावर लिहा: व्होल्ट आणि अँपियर. पुढची सगळी खरेदी या दुसऱ्या आकड्यावर ठरते. अँपियर न देता वॅट दिले असतील तर वॅटला १२ ने भागा. ४८ वॅटचा पंप म्हणजे ४ अँपियर. पुढची उदाहरणं मी ४ अँपियर धरूनच देतो.

लेबलवर 'ब्रशलेस' लिहिलंय का, तेही बघा. ब्रशलेस पंपाच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला प्लस-मायनस उलटं लागलं तर सर्किट कायमचं जाऊ शकतं. ब्रशवाल्या मोटरचा पंप अशी चूक बऱ्याचदा सहन करतो.

मग बॅटरी पुरेल का, याचा हिशोब. ७ अँपियर-अवर भागिले ४ म्हणजे पावणेदोन तास, असं दुकानात सांगतात. तसं होत नाही. बॅटरीवरचा तो आकडा वीस तासांत सावकाश वापर धरून काढलेला असतो. ४ अँपियरने ओढली की त्याहून कमी मिळतं. शिवाय लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण उपसली तर वर्षभरातच बसते. निम्मी वापरायची असं ठरवा आणि अर्धा-पाऊण तास धरून चाला. कुंड्यांना तेवढं रग्गड होतं.

## टप्पा २: सामान

- १२ व्होल्ट ७ अँपियर-अवर बॅटरी आणि तिचाच चार्जर
- गाडीत वापरतात तसला पात्यांचा फ्यूज, वायर असलेल्या होल्डरसकट
- डीसीसाठी रेटिंग असलेला १० अँपियरचा स्विच
- लाल आणि काळी मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर
- थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), श्रिंक ट्यूब (जोडावर चढवून गरम केली की आवळणारी नळी), थिंबल दाबायची पक्कड, वायर स्ट्रिपर
- साधा मल्टिमीटर
- मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरींसकट
- सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढणाऱ्या, नळीला लावायची जाळी
- झाकणाचा प्लास्टिकचा डबा

बल्ब कशाला, ते टप्पा ७ मध्ये कळेल. तो वगळू नका. या यादीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच आहे.

फ्यूज किती? पंपाच्या अँपियरच्या साधारण दीडपट ते दुप्पट. ४ अँपियरला ७.५ चा, म्हणजे तपकिरी. पंपासोबतच्या कागदावर फ्यूजचा आकडा दिला असेल तर तोच घ्या. मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा करंट चालू करंटच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे अगदी नेमका ४-५ अँपियरचा फ्यूज पहिल्याच बटणाला जाऊ शकतो. आणि 'सारखा उडतो' म्हणून ३० चा हिरवा टाकला, तर वायर वितळेल पण फ्यूज उडणार नाही. तारेचा तुकडा गुंडाळणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

टेस्टर नको. घरातला स्क्रू-ड्रायव्हर टेस्टर १२ व्होल्टवर पेटतच नाही. 'टेस्टर लागत नाही म्हणजे बॅटरी डाउन' म्हणून चांगली बॅटरी बदलून आणलेली मंडळी मला माहीत आहेत.

## टप्पा ३: वायरीची जाडी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबतो.

घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनमध्ये वाटेत एक व्होल्ट गळाला तर पंख्याला पत्ताही लागत नाही. १२ व्होल्टमध्ये तोच एक व्होल्ट म्हणजे आठ टक्के. पंपाची धार लगेच मंदावते. शिवाय करंटला जायचं असतं तसं परतही यायचं असतं. बॅटरी ते पंप १० मीटर असेल तर वायर २० मीटर मोजावी लागते, कारण लाल आणि काळी दोन्ही धरायच्या.

२० मीटर वायर आणि ४ अँपियर धरून साधारण गळती अशी येते: अर्ध्या एमएमच्या वायरीत ३ व्होल्ट, एक एमएममध्ये दीड, दीड एमएममध्ये एक, अडीच एमएममध्ये ०.६ व्होल्ट. एमएम म्हणजे इथे चौरस मिलिमीटर, दुकानात मात्र 'दीड एमएम द्या' एवढंच म्हणतात. गळती ०.६ च्या आत ठेवायची हा माझा नियम. म्हणजे १० मीटर अंतराला अडीच एमएम लागते, ५ मीटरच्या आत दीड एमएम चालते.

खरं तर यावरचा स्वस्त उपाय म्हणजे लांब वायर ओढायचीच नाही. बॅटरी आणि पंप शेजारी शेजारी ठेवा आणि लांबी पाण्याच्या नळीत घाला. नळीतही दाब कमी होतो, पण तुलनेने फार थोडा. काकांकडे शेवटी मी तेच केलं. बॅटरी गच्चीच्या दारामागे आणली, स्पीकरची वायर भंगारात गेली.

खरेदी करताना तपासा: वायरीच्या टोकाची एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर आहे. तिची गळती जास्त असते आणि ती थिंबलमध्ये दाबताना तुटते. परत करा.

## टप्पा ४: प्रत्येक वस्तू वेगवेगळी तपासा

सगळं जोडून झाल्यावर चाललं नाही, तर दोष पाच ठिकाणी असू शकतो. आधीच एकेक तपासलं तर शोधायला जागा उरत नाही.

बॅटरी. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. चार्जर काढून तीन-चार तास झालेल्या चांगल्या बॅटरीवर १२.७ च्या आसपास दिसतं. १२.१ म्हणजे निम्मी संपली. ११.८ च्या खाली असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, काम उद्यावर टाका. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा आकडा फसवा असतो, तो १३ च्या वरही दिसतो.

पंप. जाळी लावलेली नळी बादलीत सोडा आणि पंपाच्या लाल-काळ्या वायरी दोन-तीन सेकंद बॅटरीला टेकवा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवत नाही, पण एवढीशी बॅटरीसुद्धा शॉर्ट झाली तर शंभर अँपियरच्या घरात करंट देते. अंगठी दोन टोकांत अडकली तर बोट भाजतं.

प्लस-मायनसबद्दल एक गंमत. व्हॉल्व्हवाला डायफ्रॅम पंप उलट फिरला तरी पाणी त्याच दिशेला फेकतो, कारण दिशा व्हॉल्व्ह ठरवतात. आत पाती फिरणाऱ्या छोट्या पंपातही उलट जोडल्यावर पाणी येतं, फक्त धार मरते. त्यामुळे 'पाणी आलं म्हणजे बरोबर जोडलं' असं धरू नका. लाल लालला लागलीय का, हे डोळ्यांनी बघा.

फ्यूज. मीटर बीपवर (दोन टोकं आतून जोडलेली असतील तर वाजतो ती खूण) ठेवून तपासा. नव्या पाकिटातलाही.

## टप्पा ५: स्विचच्या पिना ओळखा

दोन पिनांचा स्विच असेल तर प्रश्नच नाही. कुठली वायर कुठे हा विचार करायची गरज नाही, पुढच्या टप्प्याला जा.

आत दिवा असलेला तीन पिनांचा रॉकर स्विच मात्र भल्याभल्यांना फसवतो. तीन पिना दिसल्या की लोक मनाने वाटणी करतात: एक प्लस, एक मायनस, एक पंप. मग अंदाजाने जोडतात. मायनस चुकून पंपाच्या पिनेवर गेला तर स्विच बंद असेपर्यंत सगळं शांत असतं. दाबला की बॅटरीचा प्लस थेट मायनसला भिडतो. फ्यूज असेल तर फट्‌कन जातो, नसेल तर स्विचच वितळतो. माझा पहिला स्विच असाच गेला. प्लास्टिकचा तो वास दोन दिवस खोलीत होता.

ओळखायची रीत अशी:

1. मीटर बीपवर ठेवा. स्विच बंद. कुठल्याही दोन पिनांत बीप यायला नको.
2. स्विच चालू करा आणि तिन्ही जोड्या तपासा. फक्त एका जोडीत बीप येईल. त्या दोन पिना मुख्य: एक बॅटरीकडून येणारी, एक पंपाकडे जाणारी.
3. उरलेली तिसरी पिन दिव्याची मायनस. बहुतेक स्विचमध्ये ती पितळी रंगाची असते, पण रंगावर विसंबू नका.
4. मुख्य दोघींत येणारी कोणती आणि जाणारी कोणती, हे जोडल्यावर कळेल. स्विच बंद असतानाही दिवा जळत राहिला तर त्या दोन वायरींची अदलाबदल करा.

पिनांशेजारी मार्करने 'बॅ', 'पं', 'दि' असं लिहून ठेवा. डबा भिंतीवर बसवल्यावर मान वाकडी करून मागून बघावं लागतं, तेव्हा हीच अक्षरं कामी येतात.

सावधान: दिव्यावर '२५० व्होल्ट' लिहिलेला स्विच घेतलात तर स्विच काम करेल, दिवा लागणार नाही. ही बिघाडाची खूण नाही. घरातल्या बोर्डाचा एसी स्विच वापरायचा मोहही टाळा. डीसी करंट तोडताना ठिणगी जास्त रेंगाळते, त्यात मोटरचा भार, त्यामुळे आतले संपर्क लवकर काळे पडतात.

## टप्पा ६: जोडणी, पंपाकडून बॅटरीकडे

बॅटरी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. खरंच सांगतोय. हाताशी असली की 'जरा लावून बघू' होतंच.

1. डबा, पंप आणि बॅटरी यांच्या कायमच्या जागा ठरवून वायरी मोजा. प्रत्येक तुकडा वीतभर जास्त कापा. वायर कमी पडली की मध्ये जोड येतो आणि जोड म्हणजे भविष्यातला बिघाड.
2. टोक थिंबलच्या नळीपुरतंच सोला, साधारण ७ मिमी. तारा तुटल्या तर ते टोक कापून पुन्हा सोला.
3. श्रिंक ट्यूब आधी वायरीत ओवा, मग थिंबल दाबा. हे मी आजही वर्षातून एकदा तरी विसरतो.
4. थिंबल दाबून झाल्यावर वायर जोरात ओढा. हाताने निघाली तर ती उद्या धक्क्याने निघणारच होती.
5. पंपाच्या लाल वायरीपासून स्विचच्या 'पं' पिनेपर्यंत लाल वायर.
6. स्विचच्या 'बॅ' पिनेपासून फ्यूज होल्डरच्या एका टोकापर्यंत लाल वायर. होल्डर रिकामा.
7. होल्डरच्या दुसऱ्या टोकापासून बॅटरीच्या प्लसपर्यंत लाल वायर, वीतभरच लांब. बॅटरीकडचं टोक अजून लावू नका, त्यावर टेप गुंडाळा.
8. पंपाच्या काळ्या वायरीपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत काळी वायर. हेही टोक तूर्त मोकळं.
9. तीन पिनांचा स्विच असेल तर 'दि' पिनेपासून या काळ्या वायरीला बारीक वायर.

सातव्या पायरीतली 'वीतभर' महत्त्वाची आहे. फ्यूज आपल्या पुढच्या वायरीला राखतो, मागच्या नाही. तो पंपापाशी बसवला आणि वाटेत उंदराने वायर कुरतडून शॉर्ट केली, तर फ्यूजला खबरही लागत नाही.

पंपाच्या डोक्यावर दोन वायरी असलेला छोटा काळा डबा दिसेल. तो प्रेशर स्विच. नळी बंद केली की पंप आपोआप थांबवायचं काम तो करतो. त्याच्या वायरी काढू नका, एकत्र जोडूनही टाकू नका.

बॅटरीच्या पट्ट्या दोन मापांत येतात, ४.८ मिमी आणि ६.३ मिमी. अरुंद पट्टीवर रुंद थिंबल बसतं, पण सैल. पक्कडीने चेपून भागवायला जाऊ नका, योग्य मापाचं आणा. सैल थिंबल आधी तापतं, मग काळं पडतं आणि एका सकाळी पंप 'मरतो'.

टाइमर, रिले किंवा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर बसवणार असाल तर ब्रशवाल्या पंपाच्या टोकांवर एक डायोडही (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) लावा. दुकानात '५४०८' म्हणून मागा. पट्टीची बाजू लालकडे. उलटा लागला तर तो स्वतःच शॉर्ट करतो. हाताने दाबायच्या स्विचला तो नसला तरी चालतं.

## टप्पा ७: फ्यूजच्या जागी बल्ब

घरात वायरमन सिरीज बल्ब लावून तपासतात, तेच इथे १२ व्होल्टवर करायचं. शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि करंट अडवतो. काही जळत नाही, फ्यूज वाया जात नाहीत.

पंपाकडची दोन्ही थिंबलं काढून एकमेकांना शिवणार नाहीत अशी वेगवेगळी ठेवा. स्विच बंद. फ्यूज होल्डरच्या दोन खाचांत बल्बच्या दोन वायरी अडकवा. आता पहिल्यांदा बॅटरी जवळ आणा. आधी प्लस, मग मायनस लावा.

- स्विच बंद, पंप सुटा: बल्ब विझलेला हवा. पेटला तर स्विचपर्यंतच्या वायरीत किंवा स्विचच्या पिनांत शॉर्ट आहे.
- स्विच चालू, पंप सुटा: तरीही विझलेलाच हवा. झगझगीत पेटला तर मायनस चुकीच्या पिनेवर गेला आहे. टप्पा ५ पुन्हा.
- स्विच बंद करून पंप जोडा, मग चालू करा: आता बल्ब पेटेल आणि पंप नुसता हुंकारेल किंवा हळू फिरेल. हे बरोबर आहे. बल्ब पेटलाच नाही तर वाटेत कुठेतरी तुटलेलं आहे.

तिन्ही जमलं की स्विच बंद करा, बल्ब काढा आणि फ्यूज बसवा. सगळ्यात शेवटी.

## टप्पा ८: पाण्याची बाजू, थोडक्यात

डायफ्रॅम पंप पाण्यात बुडवायचा नसतो. ड्रमशेजारी, शक्यतो पाण्याच्या पातळीजवळ कोरड्या जागी स्क्रूने बसवा. अंगावरचा बाण पाणी जाण्याची दिशा दाखवतो. सक्शनच्या टोकाला जाळी हवीच. शेवाळाचा एक धागा व्हॉल्व्हमध्ये अडकला की पंप वाजतो पण पाणी उचलत नाही.

वायर डब्यात खालून शिरू द्या आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ ठेवा. वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, डब्यात जात नाही. बॅटरी विटेवर किंवा फळीवर ठेवा. तिला हवाबंद डब्यात कोंडू नका, जास्त चार्ज झाली तर सीलबंद बॅटरीतूनही हायड्रोजन निघतो.

## टप्पा ९: चालू करा आणि मोजा

स्विच दाबा. पाणी आलं की लोक इथेच हात झटकतात. अजून पाच मिनिटं द्या.

पंप चालू असताना बॅटरीच्या टोकांवर व्होल्ट मोजा, मग पंपाच्या टोकांवर. फरक ०.६ च्या आत असेल तर काम नीट झालं. जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने मोजा: फ्यूज होल्डरच्या दोन टोकांत, स्विचच्या दोन पिनांत. चांगल्या जोडावर जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसतात. अर्धा व्होल्ट जिथे दिसेल तिथे चोर आहे.

करंट मोजायचा असेल तर स्विच बंद करा, फ्यूज काढा, मीटरची लाल वायर १० अँपियरच्या भोकात घाला आणि दोन्ही टोकं होल्डरच्या खाचांत धरा. दुसऱ्याने स्विच दाबावा. स्वस्त मीटरवर हे दहा सेकंदांत उरका. आकडा लेबलच्या आसपास किंवा कमी हवा.

सावधान: मोजून झाल्याबरोबर लाल वायर परत व्होल्टच्या भोकात घाला. ती अँपियरमध्येच राहिली आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात, तर मीटरच बॅटरीला शॉर्ट करतो. बऱ्याच स्वस्त मीटरांत त्या भोकाला फ्यूजही नसतो.

शेवटी दहा मिनिटं पंप चालवून प्रत्येक थिंबलला बोट लावा. कोमट चालेल. चटका बसला तर ते कापून नवं बसवा.

## वायरिंगचे वाटणारे, पण नसलेले दोष

पंप टक-टक-टक करत चालू-बंद होतो. ठिबकच्या बारीक तोट्या लावल्या की हे होतंच. तोट्यांतून पाणी कमी जातं, नळीत दाब भरतो, प्रेशर स्विच पंप बंद करतो, दाब उतरतो, पुन्हा चालू. पंपाच्या पुढे एक टी आणि छोटा कॉक बसवून थोडं पाणी परत ड्रममध्ये सोडा. टकटक थांबेपर्यंत कॉक उघडत जा.

स्विच बंद केला तरी पाणी येत राहतं. ड्रम उंचावर आणि कुंड्या खाली असतील तर पाणी आपल्याच भाराने पंपाच्या व्हॉल्व्हमधून पुढे वाहतं. स्विच बदलून काही होणार नाही. पुढे एक कॉक लावा.

सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. लेड-अ‍ॅसिडऐवजी लिथियमचा पॅक लावला असेल तर त्यातला संरक्षण बोर्ड मोटरच्या सुरुवातीच्या झटक्याला शॉर्ट समजून बंद होतो. जास्त अँपियरचा बोर्ड असलेला पॅक घ्या. आणि लिथियम पॅकला लेड-अ‍ॅसिडचा चार्जर कधीही लावू नका.

## प्रोजेक्टचा बोटभर पंप

३ ते ६ व्होल्टचा, पाण्यात बुडवायचा हा पंप जेमतेम ०.१ ते ०.२ अँपियर घेतो. क्रम तोच, फक्त बल्बचं प्रकरण नको. मुलं त्याला चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावतात, तिथेच गडबड होते. ती बॅटरी स्मोक अलार्मसारख्या चिमूटभर करंटसाठी असते. पंपाला व्होल्टेज जास्त मिळतं आणि बॅटरी थोड्याच वेळात मान टाकते. त्याऐवजी तीन किंवा चार पेन्सिल सेल होल्डरमध्ये घाला, म्हणजे साडेचार किंवा सहा व्होल्ट. पंप पाण्यात बुडवल्यावरच स्विच दाबायचा, कारण कोरडा फिरला की तो लवकर जातो. त्याच्या केसासारख्या वायरी पंपापाशीच तुटतात, म्हणून पंप वायरीला धरून उचलू नये, हे मुलांना प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सांगा.

## चार्जिंग आणि देखभाल

१२ व्होल्ट हाताला काही करत नाहीत, पण चार्जर २३० वर असतो. म्हणून चार्जर ओल्या गच्चीवर न्यायचा नाही. फ्यूज काढा, बॅटरीची थिंबलं सोडवा आणि बॅटरी घरात आणून चार्ज करा. सोडवताना आधी मायनस.

वापर झाला की त्याच दिवशी चार्जला लावा. पावसाळ्यात पंप लागत नाही म्हणून बॅटरी तशीच कोपऱ्यात गेली, तर दिवाळीपर्यंत ती बसलेली असते. दर दोन महिन्यांनी एकदा पूर्ण चार्ज करा आणि तारीख बॅटरीवरच चिकटपट्टीवर लिहा. पहिल्या महिन्यानंतर सगळी थिंबलं पुन्हा एकदा ओढून बघा. डब्याच्या झाकणाला आतून दोन जादा तपकिरी फ्यूज टेपने चिकटवा आणि शेजारी मार्करने मोठ्ठं लिहा: 'फक्त ७.५'. तुम्ही घरी नसताना फ्यूज दुसराच कुणीतरी बदलणार आहे.